नवोदयची तयारी गोव्यातून: चौथीच्या मे महिन्यापासून निकालापर्यंत

नवोदयची, म्हणजे जवाहर नवोदय विद्यालयात सहावीला प्रवेश मिळवण्यासाठी पाचवीत असताना द्यायची परीक्षा ठरली की पालक पहिल्यांदा पुस्तकाच्या दुकानात जातात आणि जाडजूड गाईड घेऊन येतात. मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात एका सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिकवतो, माझ्या मुलीनेही ही परीक्षा दिली आहे. मला विचाराल तर गाईड नंतर घ्या. आधी मुलाला पाचवीला कुठल्या शाळेत घालणार ते ठरवा. गोव्यात या परीक्षेतला निम्मा खेळ तिथेच होऊन जातो, आणि बहुतेकांना तो फॉर्म भरताना कळतो.

जवाहर नवोदय विद्यालये १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून आली. केंद्र सरकारची, सीबीएसईची, निवासी शाळा. शिक्षण, राहणे, जेवण, गणवेश, पुस्तके सगळे मोफत. नववीपासून विद्यालय विकास निधी म्हणून महिना ६०० रुपये असतात, पण मुली, अनुसूचित जाती-जमाती आणि दारिद्र्यरेषेखालच्या घरांतली मुले यांना तेही माफ. पालक सरकारी नोकरीत असतील तर रक्कम जास्त. गोव्यात उत्तरेचे विद्यालय वाळपईला आणि दक्षिणेचे काणकोणला. सहावीत एका विद्यालयात जास्तीत जास्त ८० मुले घेतात. आणि ही परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते. पाचवी पुन्हा करून दुसऱ्यांदा बसणे चालत नाही.

पाचवीची शाळा

एका जिल्ह्यातल्या किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात. म्हणजे ८० पैकी ६०. उरलेल्या २० जागा खुल्या, त्यात शहरी आणि ग्रामीण दोन्हीकडची हुशार मुले एकत्र. ग्रामीण कोट्यात बसायचे तर तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षे पूर्णपणे ग्रामीण भागातल्या मान्यताप्राप्त शाळेत झालेली असावी लागतात. या तीन वर्षांत एक दिवस जरी शहरी शाळेत गेला तरी मूल शहरी धरले जाते.

आता आपल्याकडची गंमत बघा. गोव्यात प्राथमिक शाळा चौथीपर्यंत. पाचवीला मूल हायस्कुलात जाते, आणि हायस्कूल अनेकदा तालुक्याच्या गावात असते. वाळपई, साखळी, डिचोली ही सगळी नगरपालिकेची गावे, म्हणजे शहरी. गावातल्या शाळेत चार वर्षे शिकलेली पोर पाचवीला बसने वाळपईला जाऊ लागली की तिचा ग्रामीण हक्क गेला. नवोदय विद्यालयाच्या दारात शिकायला गेली म्हणून नवोदयच्या ६० जागांतून बाहेर पडली! माझ्या एका विद्यार्थिनीचे नेमके असेच झाले. घर जंगलाच्या कडेला, वडील काजू-सुपारीवाले, आणि पोर शहरी यादीत. हायस्कुलातही कोणी त्यांना सांगितले नव्हते, आणि मीही तेव्हा हा नियम नीट वाचलेला नव्हता. तेव्हापासून चौथीच्या पालकसभेत हीच गोष्ट पहिली सांगतो.

दुसरा सापळा याहून फसवा. ‘आमच्या गावात पंचायत आहे, म्हणजे आम्ही ग्रामीण’ हे गृहीत धरू नका. नवोदयच्या नियमात शहरी भाग म्हणजे २०११ च्या जनगणनेत, किंवा नंतरच्या सरकारी अधिसूचनेने, शहरी ठरलेला भाग. त्या जनगणनेत गोव्याची ६२ टक्के लोकसंख्या शहरी निघाली, कारण पंचायत असलेली कितीतरी गावे जनगणनेच्या हिशेबात ‘नगरे’ ठरली. कळंगुट, कांदोळी, बांदोडा, कुर्टी ही त्यातलीच. तिथे सरपंच निवडून येतो, पण नवोदयच्या फॉर्मवर ती शहरी. शाळा ज्या गावात आहे ते २०११ च्या यादीत कुठे बसते, हे मामलेदार कार्यालयातून किंवा शाळेच्या कार्यालयातून चौथीच्या मे महिन्यातच विचारून घ्या. पाचवीचा प्रवेश झाल्यावर विचारून काही उपयोग नसतो.

याचा अर्थ नवोदयसाठी चांगले हायस्कूल सोडून पोराला कुठेही घाला असा नाही. ८० जागांसाठी सगळे पणाला लावणे मला पटत नाही. पण गावच्याच पंचायत हद्दीत पाचवीचा वर्ग असेल आणि तुम्ही केवळ ‘शहरातली शाळा बरी’ म्हणून तिकडे जात असाल, तर एकदा हिशेब करा.

जिल्ह्याचा प्रश्न थोडक्यात. मूल ज्या जिल्ह्यात राहते आणि पाचवीत शिकते, त्याच जिल्ह्याच्या विद्यालयासाठी अर्ज करता येतो. फोंड्याच्या पालकांचा इथे घोळ होतो. फोंडा तालुका २०१५ मध्ये उत्तरेतून दक्षिण गोव्यात गेला, आणि जिल्ह्यांच्या रेषा आपल्याकडे हलत असतात. नवीन जिल्ह्यात विद्यालय सुरू झालेले नसेल तर जुनी हद्द धरायची, असाही नियम विवरणिकेत, म्हणजे प्रवेशाच्या माहितीपत्रकात, असतो. दोन्ही विद्यालयांच्या कार्यालयात फोन करून कुठला फॉर्म भरायचा हे आधी पक्के करा.

फॉर्म आणि कागद

फॉर्म ऑनलाईन, नवोदय विद्यालय समितीच्या संकेतस्थळावर, आणि फुकट. सायबरवाला शे-दोनशे रुपये घेतो ते त्याच्या श्रमाचे, समितीचे नव्हे. साधारण पावसाळ्यात, जून ते ऑगस्टच्या दरम्यान तो खुला असतो. गेल्या काही वर्षांत परीक्षेची तारीख सरकली आहे: एक परीक्षा १८ जानेवारी २०२५ ला झाली, त्यापुढची १३ डिसेंबर २०२५ ला. जानेवारी धरून बसलेल्यांचा एक महिना असाच गेला. म्हणून अभ्यास नोव्हेंबरअखेर संपेल असाच आखा.

वयाची अट तारखेवर चालते. २०२६-२७ च्या सहावीसाठी जन्म १ मे २०१४ ते ३१ जुलै २०१६ च्या मधला हवा होता. पुढच्या वर्षांसाठी त्या-त्या विवरणिकेतल्या तारखा बघा.

लागणारे मुख्य कागद: मुलाचा फोटो, मुलाची आणि पालकाची सही, रहिवासाचा पुरावा, आणि मुख्याध्यापकांच्या सहीचा दाखला. दाखल्याचा नमुना संकेतस्थळावरून छापून घ्यावा लागतो. त्यावर मुलाची, पालकाची आणि मुख्याध्यापकांची अशा तिन्ही सह्या हव्यात. फोटो आणि सह्या १० ते १०० केबीमध्ये बसवाव्या लागतात. मोबाईलवर काढलेला फोटो जवळजवळ नेहमीच मोठा भरतो.

नावाचा घोळ आपल्याकडे फार. गावकर आडनाव जन्मदाखल्यावर एका स्पेलिंगचे, आधारवर दुसऱ्या, आणि आजोबांच्या पोर्तुगीज काळातल्या कागदावर तिसऱ्याच. नाईकांचेही तेच. मुलाचे आधार आणि शाळेच्या रजिस्टरातले नाव चौथीतच अक्षर-अक्षर जुळवून घ्या. आधार दुरुस्तीला वेळ लागतो आणि तो ऑगस्टात नसतो.

आरक्षणाचे दाखले वेगळे बघावे लागतात. गावडा, कुणबी, वेळीप हे समाज २००३ पासून गोव्यात अनुसूचित जमातीत आहेत. त्यांचा दाखला असेल तर तो निवडीनंतर सादर करायचा, पण फॉर्ममध्ये प्रवर्ग तोच भरलेला हवा. इतर मागासवर्गीयांनी लक्षात ठेवायचे की इथे केंद्राची यादी चालते. राज्याच्या दाखल्यावर विसंबून राहिलेले पालक मी पाहिले आहेत. मुलींसाठी एक तृतीयांश जागा असतात.

फॉर्मची मुदत संपल्यावर दुरुस्तीसाठी थोडे दिवस मिळतात. त्यात लिंग, प्रवर्ग, ग्रामीण-शहरी, दिव्यांगत्व आणि परीक्षेचे माध्यम एवढेच बदलता येते. नाव आणि जन्मतारीख तिथे सुधारता येत नाही.

माध्यम कुठले?

मूल चौथीपर्यंत मराठीत शिकले, पाचवीत हायस्कूल बहुधा इंग्रजीत. परीक्षा पाचवीत. मग माध्यम कुठले निवडायचे? विवरणिकेत गोव्यासाठी दिलेल्या भाषांतून, आणि मुख्याध्यापकांशी बोलूनच, ते ठरवा. माझा कल मराठीकडे आहे, कारण चार-सहा महिन्यांच्या इंग्रजीवर उतारा वाचून उत्तर देणे दहा वर्षांच्या मुलाला जड जाते. पण मराठी घेतलीत तर एक काम वाढते. पाचवीच्या वर्गात तो ‘एलसीएम’ शिकतो आणि प्रश्नपत्रिकेत ‘लसावि’ छापलेले असते. गणित येते, शब्द येत नाही.

आमच्या वर्गात भिंतीवर एक तक्ता लावलेला आहे: एका बाजूला मराठी शब्द, समोर देवनागरीतच इंग्रजी उच्चार. लसावि, मसावि, अंश, छेद, परिमिती, क्षेत्रफळ, घनफळ, सरळव्याज, मुद्दल, सरासरी, अंदाजे किंमत. रोज दोन शब्द. महिनाभरात संपतो.

पेपर कसा असतो

दोन तास, ८० प्रश्न, १०० गुण. प्रत्येक प्रश्नाला सव्वा गुण. बुद्धिमत्ता ४० प्रश्न, गणित २०, भाषा २०. समितीने सुचवलेला वेळ बुद्धिमत्तेला एक तास, बाकी दोघांना अर्धा-अर्धा तास. दिव्यांग मुलांना ४० मिनिटे जादा. चुकलेल्या उत्तराचे गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही.

बुद्धिमत्ता: कागद आणि कात्री

अर्धे गुण इथे आहेत आणि शाळेत हा विषय कोणी शिकवत नाही. दहा प्रकार, प्रत्येकाचे चार प्रश्न: वेगळी आकृती ओळखा, तशीच आकृती शोधा, अपुरी नक्षी पूर्ण करा, आकृत्यांची मालिका, समसंबंध, तुकड्यांतून चौकोन-त्रिकोण-वर्तुळ पुरे करा, आरशातली प्रतिमा, घडी घालून भोक पाडलेला कागद, सुट्या तुकड्यांतून आकार, आणि मोठ्या आकृतीत लपलेली छोटी आकृती.

गाईडमधली चित्रे बघून हे येत नाही, हाताने करून येते. गणेश चवथीला आपल्या घरात मुले रंगीत कागद दुमडून, कात्रीने कापून, उलगडून पताका आणि जाळ्या करतात. घडीचा प्रश्न म्हणजे तेच. एक चौरस कागद घ्या. एकदा उभा मधोमध दुमडा, मग आडवा. आता हातात पाव भाग आला. त्याच्या एका कोपऱ्यात दोन्ही घड्या मिळतात, तो मूळ कागदाचा मध्य. त्याच्या समोरचा कोपरा सुटा, तिथे मूळ कागदाचे चारही कोपरे एकावर एक आले आहेत. अगरबत्तीने सुट्या कोपऱ्याजवळ भोक पाडा आणि उलगडा: चार भोके, चार कोपऱ्यांत. आता मिटलेल्या कोपऱ्याजवळ पाडा: चार भोके, मधोमध गोळा झालेली. दहा कागदांत मुलाला नियम सांगावा लागत नाही, तोच तुम्हाला सांगतो. मग म्हणायचे, आता पाडण्याआधी तोंडाने सांग, भोके कुठे येतील.

आरशासाठी भिंतीवरचे घड्याळ. ३ वाजून ४० मिनिटे आरशात ८ वाजून २० दिसतात. संध्याकाळी चहाच्या वेळी रोज एकदा विचारा. मुलाला गंमत वाटते आणि डावे-उजवे पक्के होते. लपलेल्या आकृतीसाठी पारदर्शक कागदावर छोटी आकृती काढून मोठीवर सरकवून बघू द्या. परीक्षेत हे चालणार नाही, पण आधी डोळ्याला सवय लागते.

वेगाची चिंता सप्टेंबरपर्यंत करू नका. आधी बरोबर, मग घड्याळ.

गणित: चुका कुठे होतात

अभ्यासक्रम चौथी-पाचवीचाच आहे: संख्या, चार क्रिया, अवयव, लसावि-मसावि, अपूर्णांक, दशांश, मापे, नफा-तोटा, परिमिती-क्षेत्रफळ, कोन, आलेख. अवघड काही नाही. मुले चुकतात ती वाचण्यात.

हा प्रश्न मी दरवर्षी फळ्यावर लिहितो. वाळपईहून बस सकाळी ७:४० ला सुटली, ताशी ३० किमी वेगाने ४५ किमी गेली, किती वाजता पोचली? ४५ भागिले ३० म्हणजे १.५. इथवर सगळ्यांचे बरोबर. मग अर्धा वर्ग दीड तासाचे ‘१ तास ५० मिनिटे’ करतो आणि ९:३० लिहितो. काही जण ‘१ तास ५ मिनिटे’ करतात आणि ८:४५ वर येतात. खरे उत्तर ९:१०. पेपर काढणाऱ्याला या चुका माहीत असतात, म्हणून पर्यायांत तिन्ही वेळा असतात. चुकीचे उत्तर पर्यायात सापडले की मूल खूश होऊन पुढे जाते.

दुसरा: २५ नारळ ५०० रुपयांना घेतले, ५ खराब निघाले, उरलेले ३० रुपयांना एक याप्रमाणे विकले. शेकडा नफा किती? मूल म्हणते, एक नारळ २० ला घेतला, ३० ला विकला, १० नफा, म्हणजे ५० टक्के. खराब पाच विसरला. विक्री २० नारळांची, ६०० रुपये. नफा १००, खर्चलेल्या ५०० वर म्हणजे २० टक्के. असे प्रश्न पुस्तकापेक्षा आठवड्याच्या बाजारात चांगले शिकवता येतात. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मुलाच्या हातात पैसे द्या आणि हिशेब त्याला करू द्या.

रोज दहा गणिते पुरेत. पण प्रत्येक चुकलेले गणित वेगळ्या वहीत, आणि बाजूला एका ओळीत: का चुकले. ‘घाई’ हा शब्द त्या वहीत लिहायचा नाही, कारण त्यातून काही कळत नाही. ‘दीड तास म्हणजे ९० मिनिटे हे विसरलो’ असे लिहायचे.

भाषा

चार उतारे, प्रत्येकावर पाच प्रश्न. आपल्या मुलांची अडचण घरच्या कोकणीची असते. घरात ‘शीत’ म्हणजे पानातला भात, आणि उताऱ्यात ‘शीत लहर’ आली की पोर गोंधळते. त्यामुळे रोज पंधरा मिनिटे मोठ्याने वाचन हवे. ‘नवप्रभा’ किंवा ‘गोमन्तक’मधली एक छोटी बातमी, आणि तीन प्रश्न: काय झाले, का झाले, या शब्दाच्या जागी दुसरा कुठला शब्द चालेल. उतारा सोडवताना प्रश्न आधी वाचायचे की उतारा? मी दोन्ही करून पाहिले. दहा वर्षांच्या मुलांनी उतारा आधी वाचलेला बरा. प्रश्न आधी वाचले की ती शब्द शोधत फिरतात, अर्थ निसटतो.

ओएमआर

उत्तरे ओएमआरवर, म्हणजे वर्तुळे भरायच्या उत्तरपत्रिकेवर, द्यावी लागतात. माझ्या मुलीने घरी सराव पेपर सोडवला. सतराव्या प्रश्नाला अडली, तो सोडला, आणि अठराव्याचे उत्तर सतराव्या ओळीत भरले. तिथून पुढे सगळे एक ओळ वर. बारा बरोबर उत्तरे चूक ठरली. रडू आले तिला, मलाही बोलता येईना.

त्यावर आम्ही एक युक्ती काढली. बुद्धिमत्तेचा प्रत्येक भाग चार प्रश्नांचा, म्हणून प्रत्येक भागाचा शेवटचा प्रश्न ४, ८, १२, १६ असा चारच्या पाढ्यातच येतो. भाग संपला की ओएमआरवर बोट ठेवून बघायचे: मी चारच्या पाढ्यावर आहे का? नसेन तर आत्ताच चुकलो आहे. चूक जास्तीत जास्त चार ओळींची राहते. भाषेत प्रत्येक उताऱ्यानंतर तसेच, पाच-पाचने.

परीक्षेत निळे किंवा काळे बॉलपेन चालते. पेन्सिल चालत नाही, आणि भरलेले वर्तुळ खोडून बदलता येत नाही. म्हणून सरावही पहिल्या दिवसापासून पेननेच करायचा. ओएमआरच्या झेरॉक्स काढून ठेवा. दिवाळीच्या सुट्टीपासून दर रविवारी परीक्षेच्याच वेळी, साडेअकरा ते दीड, एक पूर्ण पेपर. भूक लागण्याची वेळ आहे ती, पोटालाही सवय हवी.

क्लास लावावा का

लावायचाच तर लावा, पण आधी घरी रोज पाऊण तास होतो का ते बघा. दोन हजार प्रश्नांचे गाईड पुरे करण्यापेक्षा मागच्या वर्षांचे पाच पेपर दोनदा सोडवलेले मला जास्त मोलाचे वाटतात. दुसऱ्यांदा सोडवताना तीच चूक झाली तर तीच खरी शिकवणी.

वसतिगृहाची तयारी

हे कोणी करत नाही, आणि निवड झालेली मुले याच कारणाने घरी परत येतात. अकरा वर्षांचे मूल आईपासून दूर राहणार. रोज माशांचे हुमण मिळणार नाही. पावसात कपडे वाळत नाहीत, ते आपले आपण धुवायचे. दिवाळीच्या सुट्टीत आजोळी चार रात्री आईशिवाय ठेवा. स्वतःची वेणी, स्वतःचे अंथरूण, स्वतःचे ताट. आणि नववीत जवळपास ३० टक्के मुले एक वर्षासाठी दुसऱ्या भाषेच्या राज्यातल्या नवोदयमध्ये जातात, हेही आधीच सांगून टाका. मुलाला जायचेच नसेल तर ते परीक्षेआधी कळलेले बरे. आमच्या शेजारच्या वहिनींनी निवड झाल्यावर मुलाला विचारले, तो म्हणाला, ‘आई, मी फक्त तुम्ही सांगितलंत म्हणून पेपर दिला.’

निकालापर्यंत

निकाल साधारण मार्चच्या आसपास लागतो. इथे गोव्यातल्या पालकांना एक वेगळी घाई आहे: २०२५ पासून आपल्याकडे सहावीचे वर्ग एप्रिलमध्येच सुरू होतात. म्हणून निकालाची वाट बघत मूल घरी ठेवू नका. हायस्कुलात सहावीला रीतसर बसू द्या. निवड झाली तर शाळा सोडल्याचा दाखला तेव्हा काढता येतो.

नाव नाही आले तर नववीला आणखी एक दार आहे. रिकाम्या जागांसाठी आठवीत असताना परीक्षा होते: १०० प्रश्न, अडीच तास, गणित आणि विज्ञान प्रत्येकी ३५, इंग्रजी आणि हिंदी प्रत्येकी १५.

आणि पहिल्या यादीत नाव नसले म्हणजे संपले असेही नाही. कागदपत्रे न जुळलेली, न आलेली मुले गळतात आणि प्रतीक्षा यादी पुढे सरकते. फॉर्मवर दिलेला मोबाईल नंबर त्या काळात बदलू नका, आणि अनोळखी नंबर आला तरी उचला.